पेशवाई सर्कलचा अर्ज

२०२३ सालची गोष्ट. त्या वर्षी काशीतल्या मराठी मंडळाला आपलं नाव एकाएकी जुनाट वाटू लागलं. एरवी सभासद व्हायला लागायचं काय? चतुर्थीच्या आधी घरचा शिधा पोचवायचा. पसाभर तांदूळ, डाळ, गुळाचा खडा. ज्याचा शिधा आला तो मंडळाचा. ऐंशी पार केलेल्या गंगाबाईंनी लहानपणापासून हेच पाहिलं होतं.

त्यांचा भाचा सुश्रुत जाहिरातीचं काम करी. राजा घाटाजवळच्या सभेत त्याने पडद्यावर नवं नाव झळकवलं, 'पेशवाई सर्कल'. सोनेरी अक्षरं, वर पगडी.

"गोरखपूरपासून प्रयागपर्यंतचे मराठी लोक जोडायचेत. नाव वजनदार हवं."

मग मंडळाचा चिटणीस विश्वेश याने अर्ज वाटले. त्यात विचारलं होतं, पूर्वज कोणत्या संस्थानाबरोबर काशीत आले?

गीताबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून भुसावळहून आलेल्या. तीस वर्षं मंडळाचा नैवेद्य त्यांच्याच हातचा.

"मी काय लिहू रे? आम्ही पॅसेंजरबरोबर आलो."

लोक हसले. सुश्रुतही हसला. "काकू, बुरा मत मानिए. तुम्ही सहयोगी सभासद. फक्त मत नाही, बाकी सब वही."

गंगाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिचे मोदक चालतात आणि मत चालत नाही?"

"आत्या, हे ब्रँडिंग आहे. तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं, की तुझे खापरपणजोबा वाड्यावर आचारी होते. पगडी होती ती धन्याच्या डोक्यावर! आणि विश्वेश, तू खाली काय बघतोस? तुझे पाणी भरायचे. लाज कसली त्यात? दोनदोनशे पानं उठायची त्यांच्या जिवावर!"

त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि लिहिलं, 'आमचे पूर्वज रांधायला आले, मिरवायला नाही. मला गीताबरोबर सहयोगीत घाला.' मागोमाग आणखी सात बायकांनी तसंच लिहून दिलं.

विश्वेशने आठही अर्ज निमूटपणे सहयोगींच्या गठ्ठ्यात ठेवले आणि मतदान पुकारलं. नाव सहा मतांच्या फरकाने मंजूर झालं. विरोधातली आठ मतं त्या गठ्ठ्यात बंद होती. आपल्याच हाताने आपण काय करून बसलो, ते गंगाबाईंना तेव्हा कळलं. त्या चतुर्थीला नैवेद्य केटररने केला.

पुढे सुश्रुतला पुण्यात नोकरी लागली. तिथे त्याला पेशवाईबद्दल कोणी विचारत नाही. गीताबाई मुलीकडे, मधुराकडे, नागपुरात असतात. त्या सात जणींपैकी चौघी परत सभासद झाल्या, दोघी वारल्या, एक येतच नाही. विश्वेश सर्कलचा अध्यक्ष आहे. गंगाबाई त्याला भर बाजारात गाठतात आणि विचारतात, "काय रे, गीताला मत कधी देणार?" तो भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि म्हणतो, "पुढच्या बैठकीत बघू, गंगाआत्या." त्या म्हणतात, "मी वाट बघते आहे हं. मरणार नाही इतक्यात."