नीराबाईच्या निवडीचा सिनेमा

मित्रांनो, मी एक जुनं शीड आहे. गावात मात्र मला आता कुणी शीड म्हणत नाही, सगळे पडदा म्हणतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याला दोनदा जन्म मिळतो त्याला दोन नावं असायचीच.

श्रीवर्धन आणि दिघीच्या मधल्या किनाऱ्यावर आमचा छोटासा कोळीवाडा आहे. रघू नावाच्या तरुण कोळ्याने श्रीवर्धनच्या बाजारातून जाड मांजरपाट आणला आणि घराच्या पडवीत बसून चार दिवसांत मला शिवलं. दोरा ओवून द्यायला शेजारी त्याची नवी नवरी होती, नीराबाई. तिला तेव्हा होडीतलं काही कळत नव्हतं, पण माझा एक टाका वाकडा गेलेला तिनेच दाखवला आणि रघूला तो उसवायला लावला. डोलकाठीवर पहिल्यांदा चढलो आणि वारा भरला तेव्हा मी असा काही फुगलो, की किनाऱ्यावरच्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. थोडा गर्विष्ठ मी तेव्हापासूनच आहे.

पुढे होडीला मशीन बसलं. मशीन भरभर जातं, वाऱ्याची वाट बघत नाही आणि त्याला डिझेल पाजलं की झालं. माझी घडी घालून मला माळ्यावर टाकलं. तिथे मी कित्येक वर्षं अंधारात पडून होतो. एका उंदराने माझा खालचा कोपरा खाल्ला. नीराबाईने ते पाहिलं आणि रघूच्या जुन्या तांबड्या लुंगीचा तुकडा काढून तिथे ठिगळ लावलं. कशासाठी लावलं ते तिलाच ठाऊक, कारण मला कुणी परत वापरणार नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी रघू गेला. होडी विकली गेली. मी मात्र माळ्यावरच राहिलो, जुनं शीड कोण विकत घेणार?

आता माझ्या दुसऱ्या जन्माची गोष्ट. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि सगळं गाव मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये बसून फाटलेली जाळी सांधतं. गावातलाच कमलेश, घरी होडी असूनही कंपनीत कामाला लागलेला. आठ वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने जुना प्रोजेक्टर मोडीत काढला, तो त्याने गावात आणला. दर रविवारी दुपारी खिडक्यांना ताडपत्री लावून शेडमध्ये सिनेमा बघायचा असं ठरलं. पहिला सिनेमा भिंतीवर लावला. भिंतीला ओल होती. नायिका कितीही सुंदर असली तरी तिच्या गालावर बुरशी दिसायची. तेव्हा नीराबाई उठली, घरी गेली आणि मला काखेत मारून घेऊन आली. रिठ्याने धुतलं, नीळ दिली, आणि मी भिंतीवर चढलो. तांबडं ठिगळ बरोबर खालच्या डाव्या कोपऱ्यात येतं. तिथे जो नट उभा राहतो त्याच्या बुटाला ठिगळ असतं, मग तो राजा असो की फौजदार.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगतो. मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. सिनेमा माझ्या अंगावर पडतो, मला तो फक्त ऐकू येतो. मी बघतो ती समोर बसलेली माणसं. त्यामुळे लोक कोणता सिनेमा का निवडतात हे मला जेवढं कळलंय तेवढं मोठमोठ्या जाणकारांनाही कळलं नसेल, असं मी नम्रपणे म्हणतो.

आमच्या शेडचा नियम असा, की ज्याची होडी त्याची पाळी. पाळी असेल त्या घराने सिनेमा निवडायचा आणि चहा-शेंगा द्यायच्या. निवडणं सोपं नसतं, कारण हातात जाळं आणि सुई असते. डोळे जाळ्यावर, कान सिनेमावर. म्हणून म्हातारा कोंडाजी नेहमी दहा वेळा पाहिलेला सिनेमाच लावतो. कुठे मान वर करायची ते पाठ असतं, बाकी वेळ गाठी मारता येतात. सदा नावाचा सोसायटीचा चेअरमन लांबलचक सिनेमा निवडतो, कारण मध्येच उठून जाणं वाईट दिसतं आणि तेवढं काम जास्त होतं. बायकांना गाणी भरपूर लागतात. पोरांना कुणी विचारत नाही, ती ओरडून सांगतात. कमलेश मोबाइलवर बघून ज्याला जास्त तारे तोच सिनेमा आणतो. एकदा त्याने असा एक खुनाचा सिनेमा लावला, की कुणाला मान खाली घालवेना. दिवे लागले तेव्हा कोंडाजीने आपलं जाळं सदाच्या जाळ्याला चांगलं हातभर जोडून टाकलं होतं. ते सोडवायला दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत दोघांनी एकमेकांना जे ऐकवलं ते मी इथे सांगणार नाही.

नीराबाईला सिनेमा निवडायची पाळी नव्हती, कारण तिला होडी नव्हती. ती दुसऱ्यांची जाळी सांधून द्यायची. तिच्याइतका साफ हात गावात कुणाचा नाही. आठ वर्षं ती दुसऱ्यांनी निवडलेले सिनेमे बघत होती आणि कधी तक्रार केली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला कायपन चालतं."

पण तिच्याजवळ एक स्वतःचा सिनेमा होता, तरुणपणी श्रीवर्धनच्या टॉकीजमध्ये पाहिलेला. काम कंटाळवाणं झालं की बायका तिला तो सांगायला लावत. एक बाई असते, तिचा घरवाला बोटीवर खलाशी. वादळात बोट हरवते. बाई रोज बंदरावर जाऊन उभी राहते. एका पावसाच्या दिवशी दारावर थाप पडते आणि बाई दार उघडते. दारात तिचा घरवाला, दाढी वाढलेला, अंगावर मीठ सुकलेलं. बाई रडत नाही. "आधी पाय धू," म्हणते. मग त्याला गरम भात वाढते आणि कोलंबीचं कालवण. तो चार ताटं जेवतो, आणि मगच त्याला बोलायची परवानगी मिळते. कधी कोलंबीच्या जागी पापलेट यायचं, बाजारात ज्याचा भाव असेल ते. शेडमधल्या सगळ्यांना तो शेवट तोंडपाठ होता आणि सगळ्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

खरी गोष्ट तिच्याशिवाय फक्त मला ठाऊक होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रघू तिला होडीतून श्रीवर्धनला घेऊन गेला होता, पत्र्याच्या टॉकीजमध्ये तीनचा खेळ बघायला. बाई दार उघडते, तिचा चेहरा मोठा दिसतो आणि मध्यंतराची पाटी येते. तेवढ्यात रघू उठला. खाडीत ओहोटी लागली होती. आणखी तासभर बसले असते तर होडी चिखलात रुतली असती. परत येताना नीराबाई बराच वेळ फुगून बसली होती, माझ्यापेक्षा जास्त. शेवटी रघू म्हणाला, "दारात तिचा घरवालाच असंल." ती म्हणाली, "मंग?" आणि गावाचा किनारा येईपर्यंत त्या दोघांनी उरलेला सिनेमा रचून काढला. पाय धुवायचं तिचं, चार ताटांचं त्याचं. मी दोघांच्या डोक्यावरच होतो, एक शब्द चुकला नाही.

या वर्षी जुलैच्या मधल्या रविवारी कमलेशची पाळी होती, पण त्याला कंपनीत ड्यूटी लागली. मग कुणाचा सिनेमा लावायचा यावर आदल्या रविवारी वाद पेटला. चहा निवला तरी वाद निवेना. प्रोजेक्टर सांभाळते सदाची सून हेमांगी. ती तळा तालुक्यातली, भातशेतीवाल्या घरातली. तिला जाळं सांधता येत नाही म्हणून हे काम तिच्याकडे आलं, आणि परकी असल्यामुळे जे कुणी विचारत नाही ते ती सहज विचारते.

"बाबा, नीराआजींची पाळी कधी असते?"

"तिची पाळी कशी असंल?" सदा म्हणाला. "तिला होडी कुटं हाय?"

हेमांगीने माझ्याकडे बोट केलं. "मग हे शीड कुणाच्या होडीचं आहे?"

शेडमध्ये सगळ्या सुया थांबल्या. आठ वर्षं सगळे माझ्याकडे बघत होते, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कोंडाजी रघूचा दोस्त. तो खाली मान घालून म्हणाला, "पोरगी बरोबर बोलते. चुकलंच आपलं." मग त्याने नीराबाईला विचारलं, "वैनी, कंचा लावायचा?"

मग तिने तोच सिनेमा सांगितला. नाव तिला इतक्या वर्षांनीही पक्कं आठवत होतं. मी ते तुम्हाला सांगत नाही, कारण त्याच्याबद्दल पुढे मला जरा कडू बोलायचं आहे. हेमांगीने मोबाइलवर शोधलं आणि कुणीतरी टाकलेला तो जुना सिनेमा सापडला. सगळे खूश झाले. घरवाला चार ताटं जेवताना बघायला मिळणार होता.

शनिवारी नीराबाई मला पुसायला एकटीच शेडमध्ये आली. ओल्या फडक्याने पुसता पुसता तिचा हात तांबड्या ठिगळावर थांबला. "कोन असंल रे त्या दारात?" ती हळूच म्हणाली. तिला जाणूनही घ्यायचं होतं आणि भीतीही वाटत होती. दुसरंच कुणी निघालं तर गाव तिला खोटी म्हणेल, ते एक वेळ चाललं असतं. पण रघूने आणि तिने मिळून रचलेलं तेवढं एकच तिच्याजवळ उरलं होतं, आणि तेच मोडेल की काय या विचाराने ती त्याच ठिगळावरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत होती. मला बोलता येत असतं तर मी म्हणालो असतो, नको लावू. बरं झालं, मला बोलता येत नाही.

रविवारी शेड गच्च भरली. नीराबाईने शेंगा उकडून आणल्या होत्या, टोपभर. सिनेमा सुरू झाला. बाई बंदरावर गेली, वादळ आलं, दारावर थाप पडली. बाईने दार उघडलं आणि मध्यंतराचं संगीत वाजलं. हेमांगीने मशीन थांबवलं. नीराबाई उठून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"म्होरचं मी पायलेलं न्हाय," ती म्हणाली. "ओहोटी लागली म्हनून आमी निघून आलो. तुमाला सांगते त्यो शेवट आमी दोघांनी होडीत रचला. एवढी वर्सं खोटं बोलले."

मग कोंडाजीने तिला आपल्या शेजारी जागा करून दिली आणि म्हणाला, "बस, वैनी. आज बगू समदे मिळून. हेमांगी, लाव गं."

दारात पोस्टमन होता. त्याच्या हातात तार होती. मित्रांनो, त्यानंतर एक तास नुसतं रडणं. शेजारणी रडल्या, सासू रडली, बाईने म्हणे पांढरी साडी नेसून तीन गाणी म्हटली आणि शेवटी ती समुद्राकडे बघत उभी राहिली. लाट फुटल्याचा मोठा आवाज आला आणि संपलं. एवढ्या खऱ्या समुद्राशेजारी बसून इतका खोटा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी पूर्ण वेळ फक्त नीराबाईकडे बघत होतो. तार आली तेव्हा तिने डोळे मिटले होते. मग तिने ते उघडले आणि शेवटपर्यंत पापणी हलवली नाही. खिडकीची ताडपत्री सरकवली तेव्हा सगळी शेड वळून तिच्याकडे बघायला लागली. एकाच्याही जाळ्यात एक गाठ वाढली नव्हती.

"काकी, बरी हायस ना?" सदाने विचारलं.

नीराबाईने पदराने डोळे पुसले. थोडा विचार केला आणि म्हणाली, "बरं झालं तवा ओहोटी लागली."

आधी कोंडाजी हसला, मग सदा, आणि मग शेड अशी हसायला लागली की माझ्या वरच्या दोरीलाही हिसके बसले. नीराबाईही हसत होती, डोळ्यांतलं पाणी तसंच होतं. हसणं ओसरल्यावर कोंडाजी म्हणाला, "वैनी, आता खरा शेवट सांग."

"खरा पायलास ना आत्ता?"

"त्यो न्हवं. तुमचा."

तिने हेमांगीला मशीन बंद करायला सांगितलं आणि खिडकी पुन्हा झाकायला लावली. मग ती माझ्यापुढे उभी राहिली. माझ्यावर काहीच नव्हतं, तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. ती म्हणाली, "बाईने दार उघडलं. दारात रघू उभा."

शेडमधल्या म्हाताऱ्या बायकांनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. आमच्याकडे त्या वयाची बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. शिवला गेलो त्या दिवसापासून मी तिच्या जवळ आहे, पण तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तिने ते घेतलं आणि लगेच पुढे म्हणाली, "आणि बाई त्याला म्हनाली, आधी पाय धू." त्या दिवशी रघू पाच ताटं जेवला.

मित्रांनो, तुम्ही घरात सिनेमा निवडायला बसाल तेव्हा मोबाइलवरचे तारे खुशाल बघा, गाणी बघा, मारामाऱ्या बघा. पण घरात एक तरी माणूस असं असतं, जे नेहमी "मला काहीही चालतं" असं म्हणतं. त्याला एकदा नीट विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत घाई न करता थांबा. आणि माळ्यावर एखादं जुनं, जाडंभरडं कापड घडी घालून पडलं असेल तर त्याची पायपुसणी करण्याआधी ते एकदा धुवा, उन्हात वाळवा, आणि उजेडात धरून बघा.