काकवीतली प्रोटीन पावडर

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन कडेगावला परतले, ऊस लावला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना शुगर निघाली. सांगलीला दिलेल्या लेकीनं, दीपमालानं, लगेच शुगरवाल्यांसाठीचा प्रोटीन पावडरचा मोठा डबा धाडला.

पहिल्या घोटालाच ते ओरडले, "ही पावडर हाय का भिताडाची पुट्टी?"

चार दिवसांनी मात्र ते मिटक्या मारत पेला रिकामा करू लागले. त्यांच्या बायकोला, बनुबाईला, नवल वाटलं. काकवीची बरणी तळाला गेली तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आवं, ह्यात काकवी घालताय व्हय?"

"डब्यावर काय लिवलंय? शुगरवाल्यांसाठी! मग आतल्या गोडाचं पावडर बघून घील. तुला काय कळतंय त्यातलं?"

महिन्याभरानं लेक दोघांना सांगलीत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रिपोर्ट बघून बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. आकडा काही उतरला नाही.

"सुभेदारसाहेब, पावडर कशातून घेता?"

"काकवीतनं," लालासाहेब छाती काढून म्हणाले. "दोन पळ्या."

बनुबाई पदर तोंडाला लावून ठसका लागेपर्यंत हसली. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिनं एका दमात रिकामी केली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"मावशी, तहान फार लागते?"

"लय. आन् रातीचं सारखं उठाय लागतंय. वय झालं, दुसरं काय!"

बाईंनी तिथंच तिचं बोट टोचलं. बनुबाईचा आकडा नवऱ्याच्याही वर निघाला.

घरातलं आजारपण म्हणजे आपली एकट्याची जहागीर, अशा तोऱ्यात वागणाऱ्या लालासाहेबांनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. प्रत्येक तपासणीला बनुबाई शेजारी पिशवी सांभाळत बसायची. तिचं बोट टोचायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"हिलाबी एक डबा लिवून द्या," ते हळूच म्हणाले.

"आधी दोघांच्या किडन्या तपासू, डब्याचं मग बघू. तोवर मटकी, हुलगा, अंडी. गोळ्या वेळेवर. काकवी बंद. आणि रोज सकाळी चालायचं."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीनं सुभेदारांना बायकोबरोबर फिरायला जाताना बघितलं. लग्नापासून ते कायम चार पावलं पुढं चालत आलेले. आज बनुबाईनं पदर खोचला आणि कारखान्याच्या रस्त्याला अशी सुटली की सुभेदारांना धाप लागली.

"हळू चाल की गं!"

"माझी शुगर जास्त हाय," ती मागं न बघता म्हणाली. "तुमी या निवांत."