टॉवेल, चादरी आणि नेतृत्व

इस्पितळाच्या धुलाई विभागाच्या प्रमुख बाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी नेतृत्वाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "अजून?" विभागातली नऊ आणि घरातली दोन माणसं बाईंच्या नेतृत्वाखाली आधीच गप्प बसत होती. त्यात पदवी काय भर घालणार, असा त्याचा साधा प्रश्न होता.

पण बाईंना चटक लागली. दीड वर्ष स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्यांनी व्याख्यानं ऐकली. गटचर्चेत पडद्यावरच्या चौकोनांत बँकांचे आणि कारखान्यांचे साहेब बसलेले असत, आणि पहिला हात बाईंचा वर जाई. कॉलेजातली लेक "आई, असाइनमेंट झाली का?" म्हणून दटावू लागली, तर रागावण्याऐवजी बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढू लागलं.

आता एकच घाट उरला होता. 'या अभ्यासक्रमाने मला काय दिलं' हा निबंध संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा. त्याआधी विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याने प्राध्यापिकेला व्हिडिओवर सांगायचं, की बाईंच्यात नक्की काय बदललं. साक्ष पटली नाही, तर अख्खं सत्र पुन्हा. निबंध तयार होता. शब्द तीन हजार, पैकी 'परिवर्तनशील' चौदा वेळा.

सर्वांत जुने म्हणजे इस्त्रीवाले मामा. मामांनी बावीस वर्षांत कुणाचं खोटं कौतुक केलं नव्हतं. खरं केल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. बाईंनी त्यांना मुद्दे लिहून दिले. मामांनी कागद वाचला, घडी घातली, सवयीने वरून इस्त्री फिरवली आणि परत दिला.

"छान आहे. पण हे मी नाही बोलायचो."

तीन वाजता चादरींच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. बाईंनी माइक बंद ठेवून शेजारी बसायचं, असा नियम होता. प्राध्यापिका पडद्यावर आली. वयाने बाईंच्या धाकट्या बहिणीएवढी.

"काय बदल झाला बाईंच्यात?"

"विशेष नाही," मामा म्हणाले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"आधी नुसत्या ओरडायच्या. आता 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारतात. मग ओरडतात."

प्राध्यापिकेने ओठ दाबून काहीतरी टिपून घेतलं. बाईंचा हात माइककडे गेला आणि मोठ्या कष्टाने मागे आला.

"म्हणजे फरक काहीच नाही?"

"तसं कुठे म्हटलं? विचारल्यावर त्या जरा थांबतात. तिकडे शिकवलं असणार. तर एकदा अशा थांबल्या होत्या, तेव्हा मी सांगून टाकलं."

"काय सांगितलंत?"

"आम्ही टॉवेल आणि चादरी सुकवायच्या यंत्रात एकत्र टाकायचो. चादरी कडकडीत व्हायच्या, टॉवेल ओलेच. मग टॉवेलांसाठी चादरी पुन्हा भाजायच्या. म्हटलं, वेगळे टाका."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून वेगळे. दोन तास वाचतात रोज. मी वेळेवर घरी जातो, तर बायको विचारते, काढलं की काय तुम्हाला?"

"हे तुमच्या लक्षात कधी आलं होतं?"

"झाली की अकरा वर्षं."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मॅडम, मध्ये शिरायला फट कुठे होती?"

प्राध्यापिका खो खो हसली. मग म्हणाली, "बाई, माइक लावा. हे निबंधात का नाही?"

"टॉवेलांचं?" बाई मनापासून चकित झाल्या. "पण त्यात नेतृत्व कुठे आहे?"

"साक्ष पटली मला. निबंध नाही पटला. सहापर्यंत हेच लिहून पाठवा."

बाईंच्या अंगात वारं शिरलं. तीन हजार शब्द त्यांनी एका बोटाने उडवले आणि त्या लिहीतच सुटल्या. यंत्रांच्या घरघरीवरून मध्येच ओरडल्या, "मामा, त्या दिवशी मी किती वेळ थांबले होते हो?"

"सात-आठ सेकंद असतील."

"इतकंच?"

"आम्हाला पुष्कळ वाटलं!"

बाईंनी आठ लिहिलं. मामांचं हे वाक्यही जसंच्या तसं घातलं. पावणेसहाला निबंध गेला. पुढची तीस मिनिटं बाईंनी एकाच टॉवेलाची सहा वेळा घडी घातली. सव्वासहाला पडद्यावर अक्षरं उमटली: उत्तीर्ण.

"पास! अहो, पास झाले मी!" बाईंनी अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावरची परिचारिका काय जळलं ते बघायला धावत खाली आली. सगळा विभाग भोवती जमला. टाळ्या झाल्या. मामांनीसुद्धा दोन वाजवल्या.

"बरं," धाप आवरत बाई म्हणाल्या, "आणखी कुणाला काही सांगायचंय का?"

आणि थांबल्या.

तिसऱ्या सेकंदाला नऊच्या नऊ माणसं एकदम बोलू लागली. सुटीची वेळ टळून गेली, तरी कुणी चपला शोधेना.