घोडीची मर्जी

घोडीच्या पायाची जखम धुऊन जनावरांचे डॉक्टर उठले. "गवत भिजवूनच घाला. धाप लागते ती धुळीच्या अ‍ॅलर्जीने. आणि निदान दोन महिने रोज पट्टी बदलायची. कोण करणार? या, दाखवतो."

"आमची सूनबाई," सासरे लगेच म्हणाले. "दुसऱ्या कुणाला ती घोडी जवळ फिरकू देत नाही."

सून मात्र सोमवारी बहिणीच्या गावी नोकरीवर रुजू होणार होती आणि या घरात परत पाऊल टाकणार नव्हती.

घोडीला ही खोड तिनेच लावली होती. घरात कुणी तिला काडीची किंमत देत नव्हतं, तेव्हा निदान तबेला तरी आपला असावा म्हणून. घोडी दुसऱ्या कुणावर फुरफुरली की ही तिला हळूच गाजर द्यायची.

"आज पट्टी तुम्ही बांधा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी डोकं धरते."

"जीव घेतेस का माझा?" म्हणत तो वाकला. घोडीने कान पाडले आणि दुखऱ्याच पायाने लाथ झाडली. नवरा बादलीवर आदळला. जखम पुन्हा भळाभळा वाहू लागली.

"तूच लागतेस गं बाई तिला!" सासरे खो खो हसले.

तिला त्या सगळ्यांचा संताप आला, घोडीचासुद्धा. पण रक्त थांबेना. शेवटी तीच गुडघे टेकून खाली बसली, आणि घोडीने निमूटपणे पाय तिच्या हातात दिला.