परत यायची पदवी

कुनिहिरा सुरीच्या टोकाने अननसाचे डोळे काढत होती, पण कान जेवणघराकडे होते. तिथे अराली काका आईशी बोलत होते. आवाज चढलेला नव्हता. काकांना आवाज चढवायची गरज पडत नसे.

"वहिनी, हॉटेलातलं शिकायला विद्यापीठ कशाला लागतं? पोरगी लहानपणापासून तेच करतेय. तिला बिझनेसची पदवी घेऊ द्या. माझे ट्रक वाढताहेत. ऑफिसात घरचं माणूस बसलं पाहिजे."

"तुमच्या ऑफिसात तुमचे मुलगे बसवा," आई म्हणाली. "ही हॉटेल मॅनेजमेंटच घेणार. शिकून आली की हे गेस्ट हाउस तिच्याच हातात द्यायचंय."

"माझे मुलगे!" काका हसले. "त्यांना ट्रकचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते दाखवावं लागतं."

कुनिहिरालाही हसू आलं, आणि लगेच विरलं.

गेस्ट हाउस युगांडातल्या फोर्ट पोर्टल गावाबाहेर, ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्याच्या काठावर होतं. वडिलांनी ते एकेक खोली करत बांधलं आणि शेवटच्या खोलीला रंग लागायच्या आत ते गेले. मागच्या केळीच्या बागेत त्यांना पुरलं होतं. त्यानंतर आई एकाही रात्री दुसरीकडे झोपली नव्हती.

मागच्या महिन्यात कुनिहिरा कंपालाला विद्यापीठ बघून आली होती. हॉटेल विभागात एक खोटा स्वागतकक्ष मांडलेला होता. बाईंनी तिला टेबलामागे उभं केलं, समोर एक मुलगा पाहुणा होऊन आला. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "या, प्रवास कसा झाला?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "तुला आम्ही काय शिकवणार गं?" बाई कौतुकाने म्हणाल्या. ती मात्र लगेच टेबलामागून बाहेर आली. बिझनेस विभागाच्या पायऱ्यांवर तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तिथे ती बराच वेळ उगाच बसून राहिली. ते तिला आवडलं होतं. पण तिथली पदवी घेऊन त्या पायऱ्या उतरलं की पुढे काकांच्या ट्रकांचं आवार होतं. बसमधून परतताना तिने खिडकीची काच उघडायचा प्रयत्न केला. काच अडकलेली होती.

तिने अननसाची ताटली टेबलावर ठेवली.

"बोल, अब्वोली," काका म्हणाले. त्यांच्या लोकांत प्रत्येकाला असं एक लाडाचं नाव असे. नुसत्या खऱ्या नावाने मारलेली हाक रागावल्यासारखी वाटायची. "परवापर्यंत विद्यापीठाला कळवायचंय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

कुनिहिराने आईकडे पाहिलं. आई टेबलक्लॉथवरचे कण झटकत होती. टेबलक्लॉथवर कण नव्हते.

"हॉटेलचंच घेते, काका."

काकांनी एक फोड उचलली आणि तशीच परत ठेवली. "बरं. मग आईसारखी चादरी बदलत बस." ते उठले. थोड्या वेळाने त्यांची गाडी उतार उतरून गेली.

आई आता जवळ घेईल असं कुनिहिराला वाटलं. आई मात्र समोरच्या खोलीत गेली आणि पाहुण्यांसाठी तयार केलेल्या पलंगावर बसली. घरच्या कुणालाही तिने त्या पलंगांवर कधी टेकू दिलं नव्हतं.

"तीन वर्षं," आई म्हणाली. "मग मी होइमाला जाईन, बहिणीकडे. तिथे कुणाचं गरम पाणी संपलं म्हणून मला उठावं लागणार नाही."

"म्हणजे? तुला हे आवडत नाही?"

"मी शाळेत भूगोल शिकवायचे, अब्वोली. लग्न झालं आणि तुझ्या बाबांनी इथे पाया खणायला घेतला. मला कुणी विचारलं होतं?" ती जराशी हसली. "आता पाहुणे कुठल्या देशातून आले, तेवढाच भूगोल उरलाय."

"मग विकून टाकू."

आईने खिडकीकडे हनुवटी केली. बाहेर केळीची पानं हलत होती. "त्यांच्यासकट?"

कुनिहिरा तिच्या शेजारी बसली. "मी हो म्हटलं ते तुझ्यासाठी."

"माहीत आहे. काका विचारत होते तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. माझाच होता तो, त्या वेळचा." आईने पदरासारखा खांद्यावरून घेतलेला सुती कपडा बोटांना गुंडाळला. "तरी गप्प बसले. माझी सुटका दिसत होती ना."

बाहेर फोन वाजला. सवयीने दोघी एकदमच उठल्या.

"तू बस," म्हणून आई गेली. तिचा पाहुण्यांसाठीचा गोड आवाज सुरू झाला. "नमस्कार, बोला ना... उद्या? सगळे मिळून किती जण?... हो का." मग ती थांबली. कुनिहिराला उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती, आणि तिच्या डोक्यावरच्या फळीला लटकणाऱ्या खोल्यांच्या सगळ्याच्या सगळ्या किल्ल्या.

"नाही हो, माफ करा," आई म्हणाली. "उद्या एकही खोली रिकामी नाही."

परत येऊन ती दारातच उभी राहिली. धावत आल्यासारखा तिला दम लागला होता.

"उद्या आपण दोघी कंपालाला जाऊ. काय कळवायचं ते तिथे जाऊनच सांगू. रात्री हॉटेलात राहायचं. सकाळी कुणीतरी आपल्याला चहा आणून देईल."

"आणि कुठला विषय सांगायचा?"

"ते चहा झाल्यावर तू ठरव," आई म्हणाली. "आणि मी मध्ये बोलायला लागले, तर माझ्या तोंडात बिस्कीट कोंब."