दोनशे चौदावं पान

कोर्टाच्या दारात सिक्युरिटीच्या माणसाने सुलेखाबाईंच्या पर्समधून अडकित्ता काढला आणि दोनदा उघडमीट करून पाहिला. हे काय, असं त्याने विचारलं. सुपारी समजावून सांगेपर्यंत मागची रांग थांबणार नव्हती. शेवटी त्याने अडकित्त्याला चिठ्ठी लावली आणि जाताना परत मिळेल, असं सांगितलं.

"मुद्देमाल जमा," सुलेखाबाई पुटपुटल्या आणि लिफ्टकडे वळल्या.

अकोल्याच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला कोर्टाची कसली भीती? धाकधूक होती ती नातीची. रुही तीन वर्षं या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सरकारी वकिलांच्या ऑफिसात होती. एका वेळी एकशे साठ फायली तिच्या अंगावर. घरून, ट्रॉय गावाहून, चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून जायचं, सकाळी जामिनाच्या सुनावण्या, दुपारी साक्षीदारांना फोन, आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर पुन्हा लॅपटॉप. पानातला वरणभात गार होऊन जाई. आरोपींची नावं ती कधी सांगत नसे आणि सुलेखाबाई कधी विचारत नसत. तेवढी शिस्त दोघींच्याही अंगात होती. आजची केस मात्र वेगळी. औषधाच्या दुकानातली जबरी चोरी, आज आधीची सुनावणी आणि पुढच्या आठवड्यात ज्यूरीपुढे उभी राहणारी, रुहीने एकटीने लढवायची पहिली. ही जिंकली की मोठ्या केसेस तिच्याकडे येणार होत्या. दोन महिने पोर त्या केसवरच जगत होती.

मागच्या आठवड्यात टेबलावर डोकं टेकून ती म्हणाली होती, "आजी, यार, वाचायला वेळच नाही. सगळं नुसतं स्किम करते मी."

"मग शेवटून वाच. पहिलं पान सगळेच वाचतात. दमलेला माणूस शेवटच्या पानापर्यंत पोचतच नाही."

हे शहाणपण कुठून आलं, ते सुलेखाबाईंनी सांगितलं नव्हतं. शहाऐंशी साली, मारामारीसाठी शिक्षा झालेल्या एका माणसाची फाइल रेकॉर्डला पाठवायला बांधताना तळाशी सरकारी इस्पितळाचा दाखला सापडला होता. मारामारीच्या दिवशी तो माणूस तिथे तापाने फणफणत पडलेला. सुलेखाबाई दाखला घेऊन सरकारी वकिलांकडे धावल्या. ते बशीत चहा ओतत होते.

"निकाल लागला, बाई. बांधा फाइल."

त्यांनी बांधली. विष्णू नाव होतं त्या माणसाचं. केसचा नंबर त्यांना अजून पाठ होता.

इथल्या कोर्टरूममध्ये न्यायाधीश आल्या तसे सगळे उठले. सुलेखाबाईही गुडघ्यावर हात रोवून उठल्या. नोकरीत त्या सतरा न्यायाधीशांसाठी उठल्या होत्या. मनापासून, दोघांसाठी.

आरोपीला आणलं. पन्नाशीचा, खांदे पाडून चालणारा माणूस. सात आठवडे तुरुंगात होता म्हणे. सुलेखाबाईंच्या पुढच्या बाकावर त्याची बायको बसली होती. तिच्या मांडीवर पुरुषाचा जाडजूड कोट होता. अंगातला स्वतःचा काढायचा नाही आणि वर हा मांडीवर घेऊन बसायचं, हे सुलेखाबाईंना विचित्र वाटलं.

रुही उभी राहिली. आवाज शांत होता. सरकार पक्षाची विनंती आहे, ती म्हणाली, की हा खटला डिसमिस करावा.

डिसमिस. तो शब्द सुलेखाबाईंना भाषांतर करून घ्यावा लागला नाही. हरली पोर, उभी राहायच्या आधीच हरली.

न्यायाधीशांनी कारण विचारलं. पोलिसांच्या कागदपत्रांतलं शेवटचं पान, रुही म्हणाली, दोनशे चौदावं. आरोपी ज्या वृद्धाश्रमात साफसफाई करतो, तिथलं दार उघडायच्या कार्डाची नोंद. चोरीच्या वेळी तो आत होता. रविवारी ते पान वाचल्यावर तिने त्याच दिवशी ते आरोपीच्या वकिलांना दिलं आणि तिथल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागवून खात्री करून घेतली.

"हे मी आधीच वाचायला हवं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. तेवढं वाक्य तिने न्यायाधीशांकडे नाही, त्या माणसाकडे बघून म्हटलं.

न्यायाधीशांनी सही करायला एक मिनिटही घेतलं नाही. तो माणूस गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. पुढच्या बाकावरची बायको मात्र केव्हाच उठली होती. दोन्ही हातांनी कोट उलगडून, बाह्या मोकळ्या करून ती उभी होती.

सुलेखाबाई बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर टेकल्या. ओठ हलत होते. अकोल्यातला तो नंबर त्या म्हणत होत्या, विष्णूच्या नावासकट, शेवटपर्यंत.

दार उघडून रुही आली. छातीशी फायलींचा नवा गठ्ठा.

"सॉरी आजी. मला जिंकताना बघायला आलीस तू."

सुलेखाबाईंनी गुडघ्यावर हात रोवला आणि उठल्या.

"अगं बस ना, उठतेस कशाला? मला लगेच आत जायचंय, अजून सव्वीस केसेस आहेत आज."

"जा," सुलेखाबाई म्हणाल्या.

रुही आत गेली. तिच्यामागे दार पूर्ण मिटेपर्यंत त्या उभ्याच होत्या.