कडी आतून

कतारच्या सूक वाकिफ बाजारातल्या रहमानशेटच्या रेडिओच्या दुकानात मियोको तोगाशीची रेकॉर्ड लागली की दुकानाचे बोर्ड रंगवणारा रत्नागिरीचा मुनाफ पेंटर ब्रश डब्यात टाकून उभा राहायचा. जपानी भाषेतला एक शब्द कळायचा नाही, तरी उभा. बाई स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, स्वतः गायची. कव्हरावर मात्र फोटो नाही, नुसतं नाव.

रेकॉर्डी आणायचा ओगावा, जपानी तेलजहाजावरचा वायरलेसवाला. मोडक्या इंग्रजीत त्यानेच मुनाफला सांगितलं होतं. कंपनी बाईला म्हणाली, हस, नाच, दुसऱ्यांची गाणी गा. बाई उठली, समुद्राकाठच्या आपल्या गावी गेली आणि दार लावून बसली. गाणं झालं की टेप पोस्टाने पाठवते. पेपरवाले येतात, बंद दार बघून परत जातात.

शेटपुढे दात काढून पोट भरणाऱ्यांनी भरलेल्या या दुनियेत अशी एक तरी निघाली! मुनाफची छाती तिच्या अभिमानाने फुगायची.

१९६५ साली तिची तिसरी रेकॉर्ड आली आणि शेटची अक्कल धावली.

"मुनाफ, बोर्ड रंगव. जपानची पडदानशीन गायिका. काळा बुरखा काढ, आत नुसते डोळे. घरंदाज गिऱ्हाईक तुटून पडेल बघ."

"शेट, ती पडद्यात नाय. तिला कोणी झाकलेली नाय."

"मग तोंड का दाखवत नाय?"

"तिची मर्जी."

"बाईची मर्जी!" शेट पोट धरून हसला. "तुझ्या मैमुनेला कधी विचारलीस रे मर्जी?"

बायकोला मुनाफने खरंच कधी विचारली नव्हती.

"दुपारच्या असरच्या नमाजाआधी बोर्ड झाला पायजे. नायतर तुझी नोकरी खलास."

बोर्ड वेळेत झाला. त्यावर एक बंद दार होतं, खोलीच्या आतून दिसावं तसं. कडी आत, कडीवर बाईचा हात. खाली मियोकोचं नाव.

शेटने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "डोळे कुठायत?"

"तिच्याजवळ."

"यल्ला, चालता हो! तुझ्यासारखे दहा पेंटर मिळतील."

मुनाफने ब्रश रॉकेलमध्ये धुतले आणि निघाला.

मग उम्म सईद बंदराच्या धक्क्यावर जहाजांचे दोर बांधायचं काम. उन्हात तापलेल्या दोराने तळहात सोलून निघायचे. दोन वर्षं ओगावाचं जहाज दुसऱ्याच बंदरांना लागत होतं. शेवटी एकदा आलं. मुनाफ खालूनच ओरडला, "नवीन काय आणलंस?"

ओगावा मान हलवतच शिडी उतरला. दोन वर्षांत बाईची एकही टेप नाही. कंपनीने हातापाया पडून पाहिलं, लोकांनी पोती भरून पत्रं टाकली. उत्तर नाही. आता गाणारच नाही, असं म्हणतात.

मुनाफने हातातल्या दोराची गाठ पक्की केली. मग म्हणाला, "तिला एक पत्र टाकशील?"

"टाकीन. पण ती वाचणार नाही."

"नाय वाचू दे. लिही, कतारातला एक माणूस म्हणतो, बाई, घाई नाय."